सॅम्पल फ्लॅटमधले रविवार

माझं दहावीचं वर्ष आणि पुढची दोनेक वर्षं आम्ही पनवेलच्या खाडीलगत अशा एका घरात काढली, जे राहण्यासाठी नव्हतंच. घर तसं झकास होतं. दोन बेडरूम, हॉल, किचन, गुलाबी पडदे, भिंतीवर पळत्या घोड्यांचं चित्र, डायनिंग टेबलावर काचेच्या भांड्यात प्लास्टिकची सफरचंदं. टीव्ही पुठ्ठ्याचा होता. फ्रिजचं दार उघडायचं, पण आत यंत्र नव्हतं, म्हणून आई त्यात कांदे-बटाटे ठेवायची. पलंग पाच फुटांहून जेमतेम मोठा, कारण पलंग लहान केला की खोली मोठी दिसते. सोफा, टेबल, कपाट, सगळंच सुताराकडून असं बेताबेताने लहान करून घेतलं होतं आणि ती मापं माझ्या वडिलांनीच दिली होती. ते त्याला फसवणूक म्हणत नसत, मांडणी म्हणत. त्या पलंगावर आमच्यापैकी कोणीच मावत नसल्यामुळे आम्ही खाली सतरंजी टाकून झोपायचो. बिल्डिंग पुरी होण्याआधी गिऱ्हाइकांना दाखवायला एक फ्लॅट सजवून ठेवतात, तसा तो सॅम्पल फ्लॅट होता. आता चाळिशी आली, चार लोकांसारखी मीही घरं बघत हिंडले, पण अजूनही कुठल्याही सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरले की मी आधी पलंगाकडे बघते.

वडील त्या साइटवर सुपरवायझर होते. मूळचे साताऱ्याकडचे, कामाच्या मागे घाट उतरून आलेले. लग्नापासून त्यांचा आणि आईचा संसार जिथे काम निघेल तिथे पत्र्याच्या खोलीत झाला होता. खोपोली, कळंबोली, नवीन पनवेल, द्रोणागिरी. बिल्डिंग उभी राहिली, लोक राहायला आले, की आमची खोली पाडायचे आणि आम्ही पुढच्या खड्ड्यापाशी जायचो. माझ्या लहानपणीच्या बहुतेक घरांच्या जागी आता पार्किंग आहे. त्यामुळे मालकांनी जेव्हा सांगितलं की रात्री सॅम्पल फ्लॅटमध्येच झोपा, तेवढीच राखण होईल, तेव्हा आईने आधी भिंतीला हात लावून पाहिला. सकाळी नऊच्या आत आमचा संसार बोचक्यात बांधून सिमेंटच्या गोदामात जायचा आणि दिवेलागण झाली की परत यायचा. दिवसभर मिक्सरची घरघर, सळ्या पडल्याचे आवाज, पळस्प्याकडून येणाऱ्या ट्रकचे हॉर्न, आणि ओहोटी लागली की चिखलाचा उग्र दर्प. मी नाक धरायची. आई खिडकीशी उभी राहून नुसतं म्हणायची, "पाणी उतरलं."

मालक म्हणजे हनीफशेठ. पनवेलचेच कोकणी मुसलमान, बरीच वर्षं कुवेतला काढून आलेले, बोलायला गोड आणि चालायला सावकाश. त्यांनी पळस्पे फाट्यावर मोठा बोर्ड लावला होता. त्यावर पांढरी वाळू, निळा समुद्र, एक वाकडा माड आणि टोपी घातलेली एक गोरी बाई. खाली लिहिलं होतं, बीचचं आयुष्य, पनवेलमध्ये. आमच्याकडे वाळू नव्हती, कमरेइतका चिखल होता. गिऱ्हाइकांनी बीच कुठे म्हणून विचारलं की वडील घड्याळात बघून सांगायचे, "भरती आली की दिसेल." एका गृहस्थाने बोर्डावरची बाई कुठे आहे असंही विचारलं होतं. वडील म्हणाले, रविवारी सुट्टीवर असते.

आम्ही त्या घरात दिवसाही दिसायला लागलो ते एका चुकीमुळे. एका रविवारी डोंबिवलीचं एक कुटुंब वेळेच्या बरंच आधी येऊन दारात उभं राहिलं, तेव्हा आई किचनमध्ये स्टोव्हवर तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि मी त्या लहान टेबलावर अभ्यासाला बसले होते. वडिलांचा चेहरा पडला. पण ती बाई थेट किचनमध्ये गेली, ओट्याला टेकून उभी राहिली, गरम भाकरी हातात घेतली आणि खाता खाता तिने कपाटं कुठे करता येतील ते ठरवलं. दुपारी त्यांनी फ्लॅट बुक केला. हनीफशेठना हे कळलं तेव्हा ते आईसमोर येऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, घर विकायचा तर घरात माणसा पाहिजेत. रिकाम्या सोफ्यावर कोणाचा दिल बसणार? तुम्ही दर इतवारी अशाच राहा. बिल्डिंग पुरी झाली की तळमजल्याचा मागचा एक फ्लॅट तुमचा. माझी जबान आहे." वडील तिथल्या तिथे म्हणाले, घर झालं तर ते कुंदाच्या नावावर होईल. कुंदा म्हणजे आई. त्या दिवसापासून तिने चहात साखर वाढवली.

अशा रीतीने आम्ही सॅम्पल कुटुंब झालो. त्याचे नियम होते. रविवारी मासळी नाही, कारण गिऱ्हाइकांत शाकाहारी असतात. आईने शुद्ध बोलायचं. मी पुस्तक उघडून टेबलाशी बसायचं. त्यामुळे माझे मार्क सुधारले, हे कबूल करायला हवं. सगळ्यात अवघड नियम असा, की फ्लॅट दाखवणारा माणूस आणि फ्लॅटमधल्या बाईचा नवरा एकच असून चालणार नव्हता. तेव्हा रविवारी वडील आईला "मॅडम" म्हणायचे. "या मॅडम सध्या इथे राहून बघतायत," असं ते हात जोडून सांगायचे आणि आई "छान हवा आहे" एवढं म्हणायची. हवा खरंच छान होती. संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं की मॅडम साहेबांना विचारायच्या, भाजी आणली का. एकदा साहेब विसरले होते, तर मॅडमनी त्यांना गिऱ्हाइकासमोर ऐकवता येत नव्हतं ते आठवड्याभराचं सगळं एकदम ऐकवलं.

आईला शुद्ध बोलायचं सांगावं लागलं, कारण ती तिथलीच होती. तिथलीच म्हणजे अगदी तिथलीच. खाडीच्या काठाने चालत गेलं तर अर्ध्या तासावर तिचं आगऱ्यांचं गाव होतं, आणि आमची बिल्डिंग जिच्यावर उभी राहत होती ती जमीन तिच्या बापाची होती. वडील तरुणपणी तिच्या गावात पाण्याची टाकी बांधायला आले होते, तेव्हा दोघांचं जमलं. पनवेलला कचेरीत लग्नाच्या सह्या करून दोघं पाया पडायला गावात गेली. तिचे वडील आधीच वारले होते, घरात मोठा भाऊ धर्मा. त्याने अंगणात, जमलेल्या लोकांसमोर सांगितलं, "घाट्यासंगं गेलीस, जा. पन तुज्या घरचं पानी मी पिनार नाय." हे ऐकायला साधं वाटतं, पण त्या गावात भांडण कितीही झालं तरी बोलणं चालू राहतं, वाटणीवरून डोकी फुटलेली माणसं शेजारी बसून जेवतात, पाणी बंद म्हटलं की मात्र सगळं बंद. आणि जे चारचौघांत बोललं ते मागे घेता येत नाही. आईचा तो एकुलता भाऊ, तिच्याहून बराच मोठा, तिला खांद्यावर घेऊन वाढवणारा. भाऊबीजेला ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. माझी आई भाऊ धडधाकट असताना पत्र्याच्या खोलीबाहेर उभी राहून चंद्राला ओवाळायची. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा फार राग यायचा.

तो आला तेव्हा सॅम्पल फ्लॅटमध्ये ठाण्याचं एक नवराबायकोचं जोडपं होतं. दारात एक उंच, रुंद माणूस येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, हातात गाडीची किल्ली. आपल्या विकलेल्या जमिनीवर काय उभं राहिलंय ते बघायला आला होता. आईला बघून तो थांबला. आई ट्रे घेऊन येत होती, तीही थांबली. वडिलांनी त्याला ओळखलं, आणि घाबरलेला माणूस जे पाठ असतं तेच बोलतो तसं ते बोलले, "या, या. हा हॉल. इथून सी दिसतो. आणि या मॅडम सध्या इथे राहून बघतायत."

"नमस्कार," आई म्हणाली. "बसा."

तो लहान सोफ्यावर बसला, तर त्याचे गुडघे छातीशी आले. आईने प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायची तसं त्याच्यासमोर पाणी धरलं. ठाण्याच्या बाईंनी पाणी घेतलं. याने पेल्याकडे बघितलं, मग वडिलांकडे.

"हे घर कोनाचं?"

वडील अजून गिऱ्हाइकांशीच बोलत होते. "तसं कुणाचंच नाही. सॅम्पल आहे. हे विकायचं नाही, कुणी राहायचं नाही, नुसतं बघायचं."

"कोनाचंच नाय?"

"नाही."

"नक्की?"

"लिहून देतो," वडील म्हणाले.

मामाने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग आईकडे न बघता ट्रेमधला दुसरा उचलला, तोही प्यायला. ठाण्याचे गृहस्थ म्हणाले, उन्हाळा फार आहे. आई आत गेली आणि किचनमधला नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. नळाला पाणी नव्हतं.

पुढच्या रविवारी तो परत आला. त्याच्या पुढच्याही. गिऱ्हाईक म्हणूनच यायचा, सोफ्यावर बसायचा, पाणी मागायचा आणि प्यायच्या आधी दर वेळी वडिलांना विचारायचा, "हे घर कोनाचं?" वडील दर वेळी सांगायचे, "कुणाचंच नाही." एवढा विधी झाला की तो चौकशी करायचा. आम्हा सगळ्यांना काय चाललंय ते कळत होतं आणि कोणी ते बोलत नव्हतं, कारण बोललं की संपलं.

"किचन केवढं हाय?" तो विचारायचा.

"दोघी जणी आरामात उभ्या राहतील," आई सांगायची.

"आमच्यात एकच बाई हाय. तिचे गुडगे गेलेत."

"वहिनीचे? कधीपासून?" आईच्या तोंडून गेलं. मग तिने पदर सारखा केला. "लिफ्ट आहे."

"पावसाल्यापासून. लिफ्ट चांगली हाय ना?"

"चांगली आहे. त्यांना गरम पाण्याचा शेक द्या म्हणावं."

गावात कोण मेलं, कोणाचं पोर दुबईला गेलं, घरामागचा शेवगा पडला, हे सगळं आईला असं फ्लॅटच्या चौकशीतून कळायला लागलं. मला तो "पोरी" म्हणायचा. एकदा माझ्या टेबलापाशी येऊन त्याने विचारलं, "काय वाचतेस?" मी मान वर न करता म्हटलं, भूगोल. "त्यात आपली खाडी हाय का?" मी म्हटलं, नाही. "मंग काय वाचतेस," असं म्हणून तो गेला. मला राग आला आणि मग मी खरंच पुस्तक चाळून पाहिलं. नव्हती.

एकदा त्याने विचारलं, "इथं मावरं शिजतं का?" वडील म्हणाले, मासळीचा सोसायटीचा नियम अजून ठरायचाय. पुढच्या रविवारी आईने नियम मोडला. खाडीच्या चिखलात उड्या मारणारे निवटे असतात, बघायला भयंकर आणि खायला मऊ. ते तिने सकाळीच कोळणीकडून घेतले आणि आंबट घालून त्यांचं कालवण केलं. खिडक्या लावून घेतल्या होत्या, तरी लिफ्टच्या खड्ड्यापर्यंत वास गेला. एक शाकाहारी कुटुंब दारातूनच परत फिरलं. मामाने प्लास्टिकची सफरचंदं बाजूला सारली, त्या बुटक्या टेबलाशी वाकून बसला आणि भात कालवून जेवला. मध्येच थांबून म्हणाला, "आयेसारखं झालंय." आई म्हणाली, "घ्या ना अजून." ती "घ्या" म्हणाली, "घे" नाही. हनीफशेठ चौकशीला आले, कोणी शिजवलं हे. वडील म्हणाले, मॅडमनी. हनीफशेठनी ताट मागून घेतलं आणि तो विषय तिथेच मिटला.

त्यांना मामाचं येणं सोयीचंच होतं. आसपासच्या गावांत तो धर्माशेट म्हणून ओळखला जायचा आणि जेवण झालं की बाल्कनीत उभा राहून समोर जो असेल त्याला जमिनीची कथा सांगायचा. त्याच्या आज्याला ती मिळाली कारण ती कोणालाच नको होती. दोन्ही भरत्यांना खारं पाणी आत यायचं. आज्याने गाव गोळा करून मातीचा बांध घातला, बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री बायकापोरांसकट सगळे चिखल घेऊन धावायचे. मग लाल भात पिकायला लागला. तरी या गावात कोणी पोरगी देत नसत, म्हणत, पोरीच्या पायाचा चिखल कधी वाळणार नाही. त्याच्या बापाच्या वेळी भात परवडेना, तेव्हा बांध फोडून पाणी मुद्दाम आत घेतलं आणि मिठागर केलं. मग नवं शहर वसवायला सरकारने जमीन घेतली, आणि त्याबदल्यात त्याच जमिनीतला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट दिला. त्या प्लॉटसाठी वाट बघता बघता त्याच्याबरोबरीची अर्धी माणसं गेली. प्लॉट मिळाला तो हनीफशेठनी घेतला. "माज्या आज्याच्या टायमाला इथं कोन फुकट राहत नव्हता," मामा म्हणायचा, "आनि आता तुमी रांगेत उबे हाव." गिऱ्हाइकांना हे फार आवडायचं. त्यांना वाटायचं, या माणसालाही मालकांनीच ठेवलंय. चिखल तोच होता. त्याला आधी खार म्हणायचे, मग मिठागर, मग सेक्टर, आणि आता सी-फेसिंग.

असं पुष्कळ महिने चाललं. मामाने बुकिंग केलं नाही. "बगतो अजून," म्हणायचा. आई शनिवारपासून गुणगुणायला लागायची. आणि मग बिल्डिंग पुरी झाली, राहायला जायची सरकारी परवानगी आली, आणि हनीफशेठनी आपली जबान पाळली. तळमजल्यावरचा, मागच्या बाजूचा, खाडीकडे तोंड असलेला फ्लॅट. सॅम्पल फ्लॅट मोडून एका बँकवाल्याला विकायचा होता. वडील धावत सांगत आले. त्यांच्या हातात पेढे होते. आई पेढ्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग तो येणार नाही."

वडिलांना कळायला वेळ लागला. मला लगेच कळलं. ते घर कुणाचंच नव्हतं म्हणून मामा तिथे पाणी पीत होता. हे घर आईचं असणार होतं. इतकी वर्षं जे घर मागितलं ते मिळालं, आणि त्याच्या दारातून भाऊ परत जाणार होता.

आईने दोन दिवस विचार केला आणि जेवताना सांगितलं, "घर दादूसच्या नावावर करा."

दादूस म्हणजे थोरला भाऊ. हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. वडील शांत माणूस, साइटवर मजुरावरही ओरडत नसत. ते ताटावरून उठले. "तुझा भाऊ मला आजवर घाटी म्हणत आला. मी ऐकून घेतलं. बायकोला मॅडम म्हणालो. आता घाट्याने राबून घर मिळवायचं आणि ते त्याच्या नावावर करायचं, कशासाठी? त्याने पाणी प्यावं म्हणून?"

"हो," आई म्हणाली.

"आणि उद्या त्याच्या पोरांनी बाहेर काढलं तर?"

"तर पत्र्याची खोली माहीत आहे मला."

मी रडले. मला खिडकीची खोली हवी होती, आणि हा माणूस आयुष्यभर रुसून बसला त्याचं बक्षीस म्हणून ती त्याला मिळणार होती. आईला मी नाही नाही ते बोलले. ती म्हणाली, "तुला भाऊ नाही, तुला कळणार नाही." हे खरं होतं आणि म्हणूनच फार लागलं. सकाळी वडील बूट घालता घालता म्हणाले, "सोमवारी कागद करू. निरोप पाठव त्याला." मला आजही वाटतं, त्या दोघांचं लग्न खरं त्या सकाळी झालं.

राहायला मात्र आम्ही रविवारी गेलो, कारण सॅम्पल फ्लॅट रिकामा करायचा होता. नव्या घरात काहीच नव्हतं. भिंतींना ओल्या चुन्याचा वास, कोपऱ्यात आमची बोचकी, मधोमध स्टोव्ह. खोल्या लहान दिसत होत्या, कारण त्या जेवढ्या होत्या तेवढ्याच दिसत होत्या. आईने दाराला आंब्याची पानं बांधली आणि नव्या नळाचं पाणी तांब्यात भरून ठेवलं. ती सारखी दाराकडे बघत होती. दुपारी गाडीचा आवाज आला.

मामा उंबऱ्याबाहेर थांबला. गुडघे दुखणारी मामी गाडीतच बसली होती, काच खाली करून बघत होती. मामाने आत नजर फिरवली, वडिलांकडे बघितलं आणि नेहमीसारखं विचारलं, "हे घर कोनाचं?"

"उद्यापासून तुमचं," वडील म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "कागद उद्या व्हायचाय."

"उद्या झाला. आज कोनाचं?"

"कुणाचंच नाही" एवढंच म्हणायचं होतं, ते वडिलांना तोंडपाठ होतं. पण ते आईकडे बघायला लागले. मीही बघितलं. एक दिवसाचा प्रश्न होता, खोटं बोलायची आम्हाला पुष्कळ सवय होती, आणि मी मनातल्या मनात तिला सांगत होते, म्हण, कुणाचंच नाही म्हण.

"माजं," आई म्हणाली. "माजं हाय."

तिने शुद्ध बोलायचं सोडून दिलं होतं. गाडीतून मामी काहीतरी म्हणाली, ते मामाने ऐकलं नाही. मग त्याने वाकून, भिंतीला हात टेकून, एकेक करून चपला काढल्या आणि आत येऊन फरशीवर बसला.

"पावन्या, कागद तिच्या नावाचा कर," तो वडिलांना म्हणाला. "माज्याकडं घर हाय." आणि मग आईकडे तोंड करून, "पानी दे गं बाय."

आईने तांब्या-पेला पुढे केला. त्याने पेला तोंडाला लावला, एक मोठा घोट घेतला आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला. बोअरिंगचं पाणी होतं. गिळलं मात्र त्याने सगळं.

"मचूळ हाय गं," तो म्हणाला.

आई त्याच्यासमोर बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"जमीन कोनाची व्हती?" ती म्हणाली. "तुजीच ना? मंग खारं नाय तर काय निगनार?"